उत्तराची जागा : निवडणूक प्रचारातील उपहासकाव्याचा एक विचार

१

निवडणुकीच्या प्रचारासाठी रचली गेलेली उपहासपर पद्ये आणि गाणी मराठी वाङ्मयविचाराला नेहमीच अडचणीची वाटत आली आहेत. त्यांचा कर्ता बहुधा ठाऊक असतो आणि हेतूही उघड असतो, म्हणून लोकसाहित्याचा अभ्यासक त्यांना आपली सामग्री मानत नाही. ती प्रचारासाठी लिहिलेली असतात, म्हणून काव्यसमीक्षक त्यांची दखल घेत नाही. राजकारणाचा अभ्यासक त्यांच्याकडे वळतो खरा, परंतु त्याला त्यांत लोकमताचा पुरावा तेवढा हवा असतो. गाण्याची चाल, पालुपद, कोटी, सोंग या गोष्टी त्याच्या दृष्टीने वेष्टनापुरत्याच असतात. परिणामी या तीनही ज्ञानशाखांच्या सीमेवर हे वाङ्मय बेवारस पडून राहिले.

प्रासंगिकता हे या उपेक्षेचे कारण म्हणून सांगितले जाते. ते पुरेसे नाही. पोवाडाही प्रसंगनिष्ठच असतो. अनेकदा तो आश्रयदात्याच्या गौरवासाठी रचलेला असतो आणि पक्षपात हा त्याचा स्वभावच आहे. तरीही ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला, य. न. केळकरांनी १९२८ पासून ‘ऐतिहासिक पोवाडे’ संपादित केले आणि पोवाडा वाङ्मयेतिहासात स्थिर झाला. निवडणूकगीताच्या वाट्याला एवढी आस्था आली नाही. पोवाड्याचा नायक मृत असतो आणि त्याच्या शत्रूचे वंशज भांडायला येत नाहीत. निवडणूकगीतातील ‘नायक’ आणि ‘खलनायक’ मात्र जिवंत असतात आणि एकाच शहरात राहतात. या वाङ्मयाचे मूल्यमापन करताना वाङ्मयीन प्रश्नाबरोबर एक नैतिक प्रश्नही उभा राहतो. तो टाळण्याकडेच समीक्षेचा कल दिसतो.

मूल्यमापनाचे दोन निकष सहज सुचतात. पहिला टिकाऊपणाचा. परंतु निवडणूकगीत टिकते ते त्यातील निवडणूक गळून पडल्यावर. जे टिकले ते निवडणूकगीत उरत नाही आणि जे निवडणूकगीत म्हणून खरे होते ते टिकत नाही. दुसरा निकष परिणामकारकतेचा. अमुक गाण्यामुळे अमुक उमेदवार निवडून आला, असे सांगणे सोपे आणि सिद्ध करणे अशक्य आहे. म्हणून तिसऱ्या एका निकषाचा विचार करावा लागतो. प्रस्तुत विवेचनात त्याला ‘उत्तराची जागा’ असे म्हटले आहे. ज्याचा उपहास होतो त्याला त्या रचनेत, त्या प्रयोगात किंवा निदान त्या प्रसंगाच्या संकेतव्यवस्थेत उलट बोलण्याची सोय आहे की नाही, हा तो प्रश्न होय. संहितेच्या बांधणीशी आणि तिच्यामागील समाजव्यवहाराशी हा निकष एकाच वेळी संबंध राखतो, हे त्याचे महत्त्व.

२

मराठी समाजात उपहासाचे परवाने पूर्वापार ठरलेले आहेत. शिमग्याला बोंब मारण्याची मुभा असते, परंतु ती त्या दिवसांपुरतीच. लग्नात रुखवताच्या वेळी वरपक्ष आणि वधूपक्ष एकमेकांची गाण्यांतून मनसोक्त टवाळी करतात. विहिणीचा तोरा, वऱ्हाडाची भूक, आणलेल्या वस्तूंचा हलकेपणा असे या टवाळीचे ठरलेले विषय असतात. ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतील आगरी समाजात लग्नविधीची गाणी धवलारीण गाते. तिचे धवले विधीचे असतात, पण त्याच मांडवात व्याह्यांची थट्टाही चालते. कलगी-तुऱ्यात तर सामनाच सवाल-जवाबाचा असतो. शक्तीला श्रेष्ठ मानणारी कलगी आणि शिवाला श्रेष्ठ मानणारा तुरा समोरासमोर बसतात आणि प्रतिपक्षाला कूट घालून अडवू पाहतात.

या तीनही प्रकारांत काही संकेत समान आहेत. उपहासाला कालमर्यादा आहे. उपहासाचा विषय झालेला माणूस समोर हजर आहे. त्याला त्याच छंदात, त्याच चालीत परतफेड करण्याचा हक्क आहे. रुखवताच्या बाबतीत चौथी गोष्टही आहे, ती म्हणजे ज्याची थट्टा केली तो दुसऱ्या दिवसापासून सोयरा असतो. या जाणिवेमुळे थट्टेला धार येते आणि तिला मर्यादाही पडते. शिव्या सोयऱ्याला द्यायच्या असल्या की त्यांत कला लागते.

मिखाईल बाख्तिनने राबलेवरील ग्रंथात कार्निव्हलच्या हास्याविषयी जे विवेचन केले आहे, त्याची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. उत्सवी हास्य हसणाऱ्यालाही लागू असते, उलट आधुनिक उपहासकार स्वतःला उपहासविषयाच्या बाहेर आणि वर उभे करतो, हा त्याने केलेला भेद मूलगामी आहे. परंतु बाख्तिनच्या कल्पनेत सवाल-जवाबाला स्वतंत्र स्थान नाही. त्याच्या कार्निव्हलमध्ये सारेच एकमेकांना हसतात. कलगी-तुऱ्यात दोन निश्चित पक्ष आहेत आणि त्यांना पाळी आहे. निवडणुकीचे प्रारूप या दुसऱ्या प्रकाराला अधिक जवळचे आहे. दोन फड, एक श्रोतृसमुदाय आणि शेवटी निवाडा, अशी दोहोंची रचना आहे. म्हणून निवडणूकगीताची चिकित्सा कार्निव्हलच्या संकल्पनेपेक्षा देशी सवाल-जवाबाच्या आधारे करणे अधिक फलदायी ठरते.

३

मराठीतील राजकीय उपहासगीताला आधुनिक रूप आले ते जलशांतून. सत्यशोधक जलशाने तमाशाचा सांगाडा घेतला आणि त्यात भटभिक्षुकीवरची टीका भरली. १९१९ च्या सुधारणांनंतर ब्राह्मणेतर पक्ष निवडणुकीच्या राजकारणात उतरला, तेव्हा त्याच्या मागे असे तयार झालेले श्रोते होते. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक प्रभृतींनी आंबेडकरी जलसा उभा केला. ऑगस्ट १९३६ मध्ये स्थापन झालेल्या स्वतंत्र मजूर पक्षाने १९३७ च्या प्रांतिक निवडणुका लढविल्या, त्या काळातला हा जलसा होय. मतदानाचा हक्क तेव्हा मर्यादित होता. गाणे ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांना मत नव्हतेच. तेव्हा जलशाचे काम मत मागण्यापेक्षा मत असण्याची लायकी श्रोत्यांच्या मनात रुजविण्याचे होते.

या जलशांचे एक रचनावैशिष्ट्य येथे महत्त्वाचे आहे. तमाशाच्या सांगाड्यात बतावणी असते, आणि बतावणीत प्रतिपक्ष पात्र होऊन येतो. भट, सावकार, पाटील हे रंगमंचावर उभे राहून बोलतात. ते हरणार हे ठरलेले असले तरी हरण्यापूर्वी त्यांना आपली बाजू मांडावी लागते, आणि ती बऱ्यापैकी मांडली गेली नाही तर बतावणी रंगत नाही. प्रयोगाच्या गरजेतूनच उत्तराची जागा निर्माण होते. शिवाय सोंगाड्या असतो. तो कोणाचाच बांधील नसतो. समोरच्याची खोडी काढता काढता तो आपल्याच सरदाराची, आपल्याच नाच्याची, प्रसंगी श्रोत्यांचीही टर उडवितो.

१९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले, ते याच परंपरेवर. अण्णा भाऊंनी गणातून गणपतीच्या जागी मायभूमीला आणि हुतात्म्यांना आणले, गवळण गाळली आणि वगाच्या जागी वर्तमान प्रश्न घेतला. ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘पुढारी मिळाला’, ‘लोकमंत्र्यांचा दौरा’ ही नुसती शीर्षके पाहिली तरी एक गोष्ट ध्यानात येते. उपहासाचा विषय येथे व्यक्ती नाही, भूमिका आहे. शेटजी, पुढारी, मंत्री ही सोंगे आहेत. ‘शेटजी’ हा बाजारातला शब्द आणि ‘इलेक्शन’ हा कचेरीतला शब्द शेजारी येताच निवडणूक हाही एक सौदा आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकासाठी पु. ल. देशपांडे यांनी ‘पुढारी पाहिजे’ लिहिले. ते आणि ‘पुढारी मिळाला’ ही दोन शीर्षके शेजारी ठेवली की पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या सुमाराचा एक अघोषित सवाल-जवाबच ऐकू येतो. समाजवादी आणि साम्यवादी हे राजकारणात प्रतिस्पर्धी होते, पण ‘पुढारी’ या संस्थेविषयीचा संशय दोघांच्या रंगमंचावर समान होता.

प्रौढ मताधिकाराने मात्र गाण्यावर एक नवी जबाबदारी टाकली. १९५१ च्या जनगणनेनुसार देशातील साक्षरतेचे प्रमाण सुमारे १८ टक्के होते. १९५२ आणि १९५७ च्या निवडणुकांत प्रत्येक उमेदवाराची मतपेटी स्वतंत्र असे आणि तिच्यावर त्याचे चिन्ह लावलेले असे. मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत सार्वत्रिक निवडणुकीत रूढ झाली ती १९६२ मध्ये. म्हणजे मतदाराला वाचायचे नव्हते, पेटी ओळखायची होती. त्यामुळे गाण्याला चिन्हाचे नाव गाठून संपावे लागे. काँग्रेसची बैलजोडी, प्रजासमाजवाद्यांची झोपडी, कम्युनिस्टांचे विळा-कणीस, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती ही सारी चिन्हे शेतीच्या आणि लोककथेच्या जगातली होती. ती आपोआपच प्रतिमा बनत. बैल म्हटला की त्याला जुंपणारा आला, त्याचा मालक आला, पोळा आला. चिन्ह ठरविणाऱ्या यंत्रणेने केवळ ओळखखूण दिली होती. शाहिराने तिचे रूपक केले आणि प्रतिपक्षाने त्याच रूपकाचे विडंबन केले. चिन्हव्यवस्थेच्या अभ्यासकाला याहून बोलका नमुना क्वचितच मिळेल, कारण येथे चिन्ह शासकीय आदेशाने निर्माण झाले आणि त्याचा अर्थ मात्र चावडीवर ठरला.

परंतु येथेच एक हानीही झाली. वगातला सोंगाड्या आपल्या माणसाची टर उडवू शके. प्रचारगीतातला सोंगाड्या आपल्या उमेदवाराची टर उडवू शकत नाही. गाणे आपल्या पेटीपाशी संपायचे असेल तर त्या पेटीविषयी शंका घेण्याची मुभा त्यात उरत नाही. तमाशातून प्रचाराकडे येताना उपहासाने आपल्याच बाजूकडे पाहण्याचा डोळा गमावला. यानंतरच्या वाटचालीचे मूळ या बदलात आहे.

४

१९५७ ची निवडणूक ही या वाङ्मयाच्या उत्कर्षाची वेळ. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले. त्याच महिन्यात, १५ नोव्हेंबरला, आचार्य अत्रे यांनी ‘मराठा’ दैनिक सुरू केले. समितीत कम्युनिस्ट होते आणि हिंदुमहासभावादीही होते. प्रजासमाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन होते आणि जनसंघही होता. एवढ्या परस्परविरोधी पक्षांना सकारात्मक कार्यक्रमाची भाषा समान असणे शक्य नव्हते. त्यांना समान होता तो प्रतिपक्ष. म्हणून उपहास हीच समितीची समान बोली ठरली. शिवाय घटकपक्ष आपापल्या चिन्हांवर लढत असल्यामुळे समितीच्या गाण्याला एका पेटीपाशी संपण्याची सोय नव्हती. त्याला ‘संयुक्त महाराष्ट्र’ या शब्दापाशीच संपावे लागे. ही व्यावहारिक अडचण वाङ्मयीन दृष्ट्या लाभाची ठरली. उमेदवारापेक्षा मोठ्या आशयाला गाण्यात जागा झाली.

या काळात उपहासाच्या दोन धारा शेजारी वाहत होत्या. पहिली अत्र्यांची. ‘झेंडूची फुले’ (१९२५) मध्ये ‘केशवकुमार’ या नावाने अत्र्यांनी समकालीन कवींची विडंबने केली होती. विडंबन हा मुळातच दोन आवाजांचा प्रकार आहे. मूळ कविता वाचकाच्या कानात वाजत असते आणि विडंबन तिच्यावर वाजते. ज्याचे विडंबन होते त्याची लय, त्याचे शब्द, त्याची ऐट विडंबनात जिवंत राहते. प्रतिपक्षाचा आवाज नकळत जपला जातो. मात्र या प्रकाराचा रसिक मूळ कविता वाचलेला, म्हणजे शाळेत गेलेला असावा लागतो. १९५७ मध्ये स्वतः मुंबई विधानसभेवर निवडून आलेल्या अत्र्यांनी राजकीय व्यासपीठावर आणि ‘मराठा’च्या स्तंभांत हे शस्त्र वापरले, तेव्हा कवितेच्या जागी व्यक्ती आली. कवितेचे विडंबन करताना मूळ कविता सोबत असते. व्यक्तीचे विडंबन करताना तिचे नाव, रूप आणि लकब एवढेच सोबत असते. दोन आवाजांपैकी एक आवाज येथे क्षीण होतो. अत्र्यांची प्रतिभा एवढी समर्थ होती की हा ऱ्हास त्यांच्या लेखनात सहज दिसत नाही. त्यांच्या अनुकरणकर्त्यांत तो उघडा पडला.

दुसरी धारा शाहिरांची. तिचा श्रोता मूळ कविता वाचलेला असण्याची गरज नव्हती. त्याला चाल आणि प्रकार ठाऊक असले की पुरे. अण्णा भाऊंची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड या धारेचे शिखर होय. विरहाच्या लावणीचा साचा, गावी राहिलेली पत्नी, मुंबईत आलेला गिरणीतला कष्टकरी, त्याने पाहिलेली श्रीमंती आणि भोगलेले दारिद्र्य या सगळ्यांतून गाणे पुढे सरकते आणि मैनेच्या ताटातुटीत बेळगाव-कारवारसह तुटलेल्या महाराष्ट्राची ताटातूट मिसळते. शृंगाराचा साचा आणि राजकीय आशय यांची ही सांगड केवळ चतुर नाही. स्थलांतरिताच्या संसारात खाजगी विरह आणि प्रादेशिक विभाजन या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या, हे सत्य त्या सांगडीने प्रकट झाले. अण्णा भाऊंची मुंबईची लावणी पठ्ठे बापूरावांच्या मुंबईवरील लावणीशेजारी ठेवून वाचली म्हणजे तिचे स्वरूपही उत्तराचेच आहे, हे जाणवते. बापूरावांनी नगरीचे वैभव वर्णिले. अण्णा भाऊंनी त्या वैभवाचा ताळेबंद मागितला. परंपरेच्या आतूनच परंपरेला दिलेला हा जवाब आहे.

येथे ‘उत्तराची जागा’ या निकषावर एक गंभीर आक्षेप उभा राहतो. १९५७ च्या शाहिराने मोरारजी देसाई किंवा स. का. पाटील यांना उत्तराची जागा का द्यावी? २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, जानेवारी १९५६ मध्ये पुन्हा झाला आणि चळवळीत शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ज्यांच्या हाती शासन, आकाशवाणी आणि पोलीस आहेत त्यांना गाण्यातही बोलू द्या, असा आग्रह म्हणजे दुर्बळावर लादलेली सभ्यता होय. स्वातंत्र्यानंतर लाल बावटा कलापथकावर बंदी आली होती, हे ध्यानात घेतले की हा आक्षेप अधिकच बळकट होतो. बोलण्याची जागा काढून घेतली गेली होती ती शाहिराची.

हा आक्षेप मान्य केलाच पाहिजे, आणि तो मान्य केल्याने निकष नष्ट होत नाही, उलट नेमका होतो. उत्तराची जागा एकट्या संहितेत शोधायची नसते, संपूर्ण संवादव्यवहारात शोधायची असते. सत्ताधाऱ्याचा सवाल आधीच उच्चारला गेला होता, कधी अध्यादेशातून तर कधी बंदुकीतून. शाहिराचे गाणे हा त्या सवालाचा जवाब होता. म्हणून त्यात प्रतिपक्षाला पुन्हा बोलू दिले नाही, तरी संवादाचा समतोल बिघडत नाही; तो प्रथमच प्रस्थापित होतो. ज्याला उलट बोलण्याची इतर सर्व साधने आहेत त्याच्यावरचा एकतर्फी उपहास हा अन्याय नव्हे. ज्याला अशी कोणतीच साधने नाहीत त्याच्यावरचा उपहास मात्र कितीही गुणवान असला तरी वेगळ्या जातीचा ठरतो.

५

या दुसऱ्या जातीच्या उपहासाचा उदय पाहण्यासाठी एका नावाचा तीन निवडणुकांतील प्रवास पुरेसा आहे. १९५७ मध्ये समितीच्या लाटेतही व्ही. के. कृष्ण मेनन उत्तर मुंबईतून काँग्रेसचे उमेदवार म्हणून लोकसभेवर निवडून आले. १९६२ मध्ये याच मतदारसंघात त्यांच्याविरुद्ध आचार्य कृपलानी उभे राहिले. ही लढत देशभर गाजली आणि यमकबद्ध घोषणांनी भरून गेली. सीमेवरील चिनी घुसखोरीच्या वेळी संरक्षणमंत्री झोपले होते, असा मेनन यांच्यावरील हिंदी घोषणांचा आशय होता, तर मेननपक्षीयांनी कृपलानींच्या पक्षांतरांची आणि मतदारसंघ बदलण्याच्या सवयीची थट्टा केली. दोन्हीकडचा उपहास बोचरा होता, परंतु त्याचा विषय सार्वजनिक कृती हा होता. मंत्र्याने काय केले, नेत्याने किती पक्ष बदलले, हे ते प्रश्न. अशा प्रश्नांना उत्तर असते, आणि ते दोन्ही बाजूंनी दिलेही गेले. मेनन मोठ्या मताधिक्याने विजयी झाले.

१९६७ मध्ये काँग्रेसने मेनन यांना उमेदवारी नाकारली. ते ईशान्य मुंबईतून स्वतंत्रपणे उभे राहिले आणि काँग्रेसचे स. गो. बर्वे यांच्याकडून पराभूत झाले. १९ जून १९६६ रोजी स्थापन झालेल्या शिवसेनेने त्यांच्याविरुद्ध प्रचार केला. या वेळी उपहासाचा विषय बदलला होता. मेनन यांनी काय केले, याऐवजी ते कोठले, हा प्रश्न पुढे आला. माणसाच्या जन्मस्थळाला उत्तर नसते. तेथे सवाल-जवाबाची रीतच संपते.

हा बदल एका रात्रीत झाला नाही. १३ ऑगस्ट १९६० रोजी सुरू झालेल्या ‘मार्मिक’ने व्यंगचित्राला मराठी वाचकाच्या घरात आणले, ही त्याची वाङ्मयव्यवहारातील कामगिरी नाकारण्याचे कारण नाही. त्याचबरोबर कार्यालयांतील अमराठी नावांच्या याद्या छापण्याचे सत्रही त्याने चालविले. यादी ही वरवर पाहता काव्याच्या अगदी विरुद्ध टोकाची गोष्ट. परंतु नावांच्या एकसुरी पुनरावृत्तीला लय असते आणि ती पालुपदासारखे काम करते. पुढे लुंगी या वस्त्राशी यमक जुळविणारी घोषणा रस्त्यावर आली, तेव्हा उपहास वेशापर्यंत येऊन पोहोचला होता. रचनेच्या दृष्टीने या घोषणेत वैगुण्य नाही. यमक चोख आहे, आघात नेमका आहे, लहान मुलाच्याही तोंडी बसावी अशी ती सुटसुटीत आहे. म्हणूनच ती समीक्षेपुढील खरी कसोटी ठरते. कारागिरीच्या निकषावर तिला नापास करता येत नाही. उत्तराच्या जागेच्या निकषावर मात्र करता येते. तिचा रोख मंत्र्यावर नव्हता, टंकलेखकावर आणि उपाहारगृहात राबणाऱ्या पोऱ्यावर होता. त्याच्यापाशी फड नव्हता, दैनिक नव्हते आणि ज्या भाषेत त्याची टवाळी होत होती ती भाषाही पुरती नव्हती.

१९५७ च्या गाण्यातील ‘आम्ही’ आणि १९६७ च्या घोषणेतील ‘आम्ही’ यांतील फरक येथे स्पष्ट होतो. शाहिराचा ‘आम्ही’ भाषेने आणि श्रमाने अशा दोन धाग्यांनी विणलेला होता. ‘माझी मैना’तला नायक मराठी आहे आणि कष्टकरीही आहे, मुंबईची श्रीमंती त्याला परकी वाटते ती दुहेरी अर्थाने. भाषेचा धागा त्याला प्रांताशी जोडतो, श्रमाचा धागा त्याला शेजारच्या मागावर राबणाऱ्या परभाषिकाशी जोडतो. राज्यस्थापनेनंतर समिती फुटली आणि हे दोन धागे वेगळे झाले. चाली त्याच राहिल्या, पालुपदे तीच राहिली, श्रोतेही पुष्कळसे तेच राहिले. ‘आम्ही’ मात्र एकाच धाग्याचा उरला. म्हणून ‘उपहास वरून खाली वळला’ एवढेच म्हणणे अपुरे आहे. उपहासाचा कर्ता असलेले सामूहिक प्रथमपुरुषी सर्वनाम अरुंद झाले, आणि त्या अरुंदपणातून उपहासाची दिशा बदलली. सर्वनामाचा हा इतिहास संहितेतच वाचता येतो, त्यासाठी संहितेबाहेर जाण्याची गरज नाही.

कायद्याने या प्रश्नाकडे आपल्या परीने पाहिले आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३ नुसार धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा यांच्या आधारे केलेले आवाहन हा भ्रष्ट आचार ठरतो, आणि उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी जाणूनबुजून केलेले खोटे विधानही ठरते. सार्वजनिक कृतीवरील टीका आणि माणसाच्या जन्मजात ओळखीवरील हल्ला यांतील रेषा येथे कायदा ओढू पाहतो. परंतु कायदा विधान तपासतो. यमक, हेल, हशा तपासू शकत नाही. ‘खोटे’ काय हे तो विचारतो, आणि उपहास बहुधा खोटे विधान करतच नाही, तो फक्त एका खऱ्या गोष्टीकडे बोट दाखवून हसतो. जेथे कायद्याची पोच संपते तेथे समीक्षेची जबाबदारी सुरू होते.

६

भिवंडी परिसराच्या अनुभवावर हा निकष पडताळून पाहणे उपयुक्त ठरेल, कारण येथे दोन्ही प्रकारची उदाहरणे हाताच्या अंतरावर आहेत. १९५७ मध्ये ठाण्यातून लोकसभेवर निवडून गेलेले शामराव परुळेकर हे किसान सभेच्या चळवळीतून आलेले. १९४५ मध्ये टिटवाळ्याला भरलेल्या किसान सभेच्या परिषदेपासून या जिल्ह्यातील वारली आणि शेतकरी श्रोता राजकीय भाषणाला आणि गाण्याला सरावत गेला. दुसरीकडे भिवंडी शहर यंत्रमागाचे. मराठी, उर्दू आणि तेलुगू बोलणारे कामगार येथे एकाच मागाच्या आवाजात राबत आले. श्रमाचा धागा समान आणि भाषेचा वेगळा, अशी ही वस्ती. ‘आम्ही’ कोणत्या धाग्याने विणायचा, हा प्रश्न अशा ठिकाणी पुस्तकी राहत नाही. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी येथे दंगल उसळली. तिची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती मादन आयोगाला मिरवणुकीतील घोषणांचाही विचार करावा लागला. ती मिरवणूक निवडणुकीची नव्हती. परंतु सामूहिक, लयबद्ध, एकतर्फी उच्चार जेव्हा शेजाऱ्याच्या दारावरून जातो आणि शेजाऱ्याला त्याच लयीत उत्तर देण्याची रीत उपलब्ध नसते, तेव्हा काय संभवते, याचा तो दाखला आहे. सवाल-जवाबाची रीत मोडली की जवाब अन्य मार्गांनी येतो.

याच तालुक्यात ठाणे-भिवंडी रस्त्याच्या पट्ट्यातील काल्हेर, कशेळी, पूर्णा ही गावे आहेत. आज ती गोदामांसाठी ओळखली जात असली तरी या पट्ट्यात आगरी समाजाची मोठी वस्ती आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानंतर आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यानंतर निवडणूक अशा गावांच्या भावकीत शिरली. गावपातळीवर दोन्ही उमेदवार एकमेकांचे सोयरे असण्याचीच शक्यता अधिक. प्रचारात ज्याची टवाळी केली त्याच्याच घरी येत्या वैशाखात जेवायला जायचे असते. अशा ठिकाणी रुखवताचा संकेत निवडणुकीलाही लागू होतो. उपहास तिखट असतो, नाव घेऊन असतो, पण तो उत्तराची अपेक्षा धरूनच उच्चारला जातो. ग्रामीण म्हणजे निर्मळ, असा भाबडा निष्कर्ष यातून काढायचा नाही. भावकीतील वैरही भीषण असू शकते, आणि जो भावकीत नाही, त्याला या परवान्याचे संरक्षणही मिळत नाही. मुद्दा एवढाच की उपहासाचा परवाना समाजसंबंधांतून येतो, कवीच्या धाडसातून नव्हे. कर्ण्याने, ध्वनिफितीने आणि त्यानंतरच्या साधनांनी गाण्याचा पल्ला वाढविला, त्याच प्रमाणात गाणारा आणि ज्याच्यावर गाणे आहे तो यांची समोरासमोर गाठ पडेनाशी झाली. साधनाने अंतर वाढविले, आणि अंतर वाढले की उत्तराची जागा आक्रसते.

या विवेचनातून अभ्यासपद्धतीसंबंधी काही गोष्टी निष्पन्न होतात. निवडणूकगीताची संहिता म्हणजे केवळ त्याचे शब्द नव्हेत. कोणाची चाल उसनी घेतली, कोणत्या चिन्हापाशी गाणे संपले, ते कोणत्या गाण्याचे उत्तर होते आणि त्याला कोणते उत्तर मिळाले, हे सारे संहितेचेच घटक मानले पाहिजेत. एका पक्षाची गाणी तेवढी संकलित करणे म्हणजे कलगीच्या फडाची वही जपून तुऱ्याची फेकून देणे होय. प्रतिपक्षाची, पराभूताची, आणि ज्याने उत्तर देऊ पाहिले पण ज्याचे उत्तर कोणी ऐकले नाही त्याचीही रचना शेजारी ठेवल्याशिवाय या वाङ्मयाचा एकही प्रश्न सुटणार नाही.

मूल्यमापनाच्या बाबतीतही मग ‘प्रचार की साहित्य’ या जुन्या द्वंद्वात अडकून पडण्याचे कारण राहत नाही. अण्णा भाऊंची छक्कड प्रचार होती आणि साहित्यही होती. लुंगीवरची घोषणा प्रचार होती आणि तिच्यातही वाङ्मयीन कसब होते. दोहोंत भेद करायचा तर तो कसबाच्या आधारे होत नाही. विरहात तळमळणारा नायक आपल्या गाण्यात स्वतःलाही सोडत नाही. त्याचे दारिद्र्य, त्याची फसगत, त्याची असहायता गाण्याच्या मध्यभागी असते. घोषणेतला ‘आम्ही’ स्वतःविषयी एक अक्षरही उच्चारत नाही. सोंगाड्याने आपल्याच फडाकडे वळून केलेली थट्टा प्रचाराच्या धामधुमीत हरवली, असे वर म्हटले आहे. ती जेथे जेथे अंशतः का होईना शिल्लक राहिली, तेथे निवडणूकगीत निवडणुकीपलीकडे गेले.